‘भीती सोडा, गन धरा’ ही ओळ माझी होती, भरतदादा

भरतदादा, तुझ्यावर अन्याय झाला. गेल्या रविवारी, सकाळी दहा वाजून चाळीस मिनिटांनी, कैनाडला, नितीन सरांच्या घरामागच्या ताडपत्रीच्या मांडवात. वेळ मला नक्की माहीत आहे, कारण त्याच मिनिटाला मी सरांच्या गाडीचा फोटो काढला होता. फोटोच्या कोपऱ्यात तू आहेस. बांबूला हात लावून वाकलेला. मला वाटलं, तू दाराची खालची कड बघतोयस.

पत्रक कसं लिहायचं ते मला संघटनेत शिकवलंय. आधी लिही, कोणावर अन्याय झाला. मग कधी. मग कोणी केला. शेवटी, आम्ही काय मागतो. रस्त्यासाठी, रेशनसाठी, बंद पडलेल्या नळासाठी मी अशी किती पत्रकं लिहिली! तिसऱ्या ठिकाणी माझं पेन कधी अडलं नाही. तिथे कोणीतरी साहेब असायचा, कंत्राटदार असायचा. आज शुक्रवार. पाच दिवस झाले, मी पहिल्या दोन ओळी लिहून तिसरीपाशी बसलेय. मला भीती वाटते, दादा. मी हा शब्द कधी कागदावर लिहिला नव्हता.

हे वाचणारे सगळे तुला ओळखत नाहीत, म्हणून त्यांच्यासाठी एवढंच सांगते की तू चारोटीच्या एका गॅरेजात डेंटर-पेंटर होतास, आणि रविवारी रानशेतला आपल्या अंगणात, आंब्याखाली, लोकांना त्यांचीच गाडी त्यांच्याच हातांनी ठीक करायला शिकवायचास. ठीक करायला आणि सजवायलाही. कोणाला चाकांवर रुंद कड हवी, कोणाला छत एका रंगाचं आणि दारं दुसऱ्या. तू आधी चिडवायचास, मग शिकवायचास.

माझी आणि तुझी ओळखच एका गंजलेल्या दारावरून झाली. बाबा रेल्वेत, आम्ही डहाणूत राहणारे, आणि आमची गाडी सात वर्षं समुद्राच्या वाऱ्यात उभी. दारं खालून अशी खाल्लेली की बोट आत जायचं. गॅरेजमध्ये सांगितलं, दारच बदला. मी तिथेच भांडले. तू कोपऱ्यात पॉलिश पेपर घासत होतास, मान वर केली नाहीस. मी समोरच्या टपरीवर चहा घेत होते तेव्हा मागून आलास.

“ताई, फार बोलता तुम्ही.”

“मग? गप्प बसू?”

“नको. पण दारपण बदलू नको. रविवारी रानशेतला ये. येताना जुने कपडे घालून ये.”

दुसऱ्याच वाक्यात ‘तुम्ही’वरून ‘तू’वर आलास. मीही त्या दिवसापासून दादा म्हणायला लागले.

पहिल्या रविवारी तू मला गंज खरवडायला लावलास, एवढंच. दुसऱ्या रविवारी पुट्टी. मी लाल हार्डनर भसाभसा घातलं आणि पुट्टी पाटीवरच दगड झाली. तू पोट धरून हसलास. “पत्रकबाई, ही काय घोषणा आहे, जोरात दिली की जास्त चालेल? चिमूटभर लाल. मग घाई.” तेव्हापासून मी पत्रकबाई. मग तू माझा डावा हात घेतलास, खाली फडकं ठेवलंस आणि म्हणालास, डोळे मिटून फिरव. डोळ्यांना दार सपाट दिसत होतं. हाताला तीन टेकड्या लागल्या. “डोळा मालकाचं ऐकतो,” तू म्हणालास, “हात नाही ऐकत.”

तुझ्या खिशात एका जुन्या स्पीकरचं चुंबक असायचं, फडक्यात गुंडाळलेलं. कोणी नवीन घेतलेली जुनी गाडी दाखवायला आणली की तू ते अंगावरून फिरवायचास. पत्र्याला ते धरायचं. जाड पुट्टीवरून घसरून पडायचं. तू नुसता मालकाकडे बघायचास. आणि दार पूर्ण झालं की आतल्या कडेला, जिथे कोणी बघत नाही तिथे, ओल्या प्राइमरमध्ये मालकाला अंगठा उठवायला सांगायचास. आमच्या गाडीत माझा अंगठा आहे. बाबांना ठाऊक नाही. तू स्वतः मात्र कुठल्याच गाडीत अंगठा उठवला नाहीस. “माझी गाडी आहे का ती?”

आता भांडणाकडे येते. ते अर्धं राहिलंय.

पत्रकाची कल्पना माझीच. आंब्याखाली सात-आठ माणसं यायची. मी म्हटलं, दादा, हे सगळ्यांपर्यंत गेलं पाहिजे. एक कागद, तीन घड्या, नवशिक्यांसाठी. तू पायरीवर बसून सांगत गेलास, मी लिहीत गेले. गंज कसा ओळखायचा. पत्रा आतून कसा ठोकायचा. फायबरचं कापड कसं बसवायचं. कागद कुठल्या नंबरचा, पाणी कधी. काचा कशा झाकायच्या. गाडीचा रंग बदललात तर आरटीओत जाऊन आरसीवर नोंद करा, हेसुद्धा तू आठवणीनं घातलंस. आणि सगळ्यात शेवटी तू म्हणालास,

“लिही. चांदणीवाला डबा घरी उघडायचा नाही. शेवटचा हात बूथमध्ये.”

“चांदणी म्हणजे?”

“डब्यावर असते.”

बूथ म्हणजे गॅरेजातली, रंगाची वाफ ओढून घेणारी बंद खोली, हे मला माहीत होतं. पण कशाची चांदणी, ते मी पुढे विचारलं नाही. मी डबा बघितला नाही. मला राग आला होता. मी म्हटलं, दादा, अख्खं पत्रक आपण सांगतो की तुमचं काम तुम्ही करा, आणि शेवटी पुन्हा हात धरून गॅरेजवाल्याच्या दारात नेऊन सोडतो? मग फरक काय पडला? लोक म्हणतील, बघा, शेवटी यांनीही तिथेच धाडलं. तू म्हणालास, “म्हणू दे ने.” मी म्हटलं, पत्रकात ‘नाही’नं शेवट होत नसतो. तू डोकं खाजवलंस. “तू शिकलेली. तू लिहिशील ते खरं.”

ती ओळ मी काढली. तिच्या जागी जाड अक्षरात घातलं, ‘भीती सोडा, गन धरा’. गन म्हणजे रंग फवारायची.

चारशे कागद छापले. चारोटीच्या खाणावळींत ठेवले, तलासरीच्या बाजारात वाटले. तू पहिला कागद हातात घेतलास, उलटसुलट केलास, आणि घडी घालून खिशात चुंबकाशेजारी ठेवलास. मालकाकडे बघायचास तसं माझ्याकडे बघितलंस, बस. मला तेव्हाच कळायला हवं होतं. ते चुंबक माझ्या कागदावर फिरवलं असतंस तर पडलं असतं.

पण मग तू का गप्प बसलास? हे मी रागानंच विचारतेय. तुला माहीत होतं. तुला संध्याकाळी खोकला यायचा. सकाळी रंग मारलास की संध्याकाळी छाती आवळायची, हे सुनंदा वहिनींनी मला सोमवारी सांगितलं. लग्नाला आठवडाभर गावाला गेलात तेव्हा खोकला बंद, परत आलात की सुरू. वहिनी म्हणायच्या, डॉक्टरला दाखवा. तू म्हणायचास, धूळ आहे, गूळ खाल्ला की जाते. मला तू सांगितलं असतंस तर? की माझ्यासारखीला सांगून उपयोग नाही, ही त्यावरपण घोषणा करेल, असं वाटलं तुला? उत्तर दे ना. मला हरवायला एक उत्तर पुरलं असतं, आणि तू मला जिंकू दिलंस.

रविवारचं लिहायचंय.

नितीन सर शाळेत शिकवतात, सगळ्यांना माहीत आहेत. त्यांनी दोन महिने खपून गाडी घासली. खाली काळपट हिरवी, छत पांढरं, चाकांवर फायबरची कड. तू विचारलंस, “सर, शाळेत चाललात की वरातीत?” सर खुशीत होते. आता राहिला होता तो फक्त वरचा चकचकीत थर, क्लिअर. तुला तो चारोटीला बूथमध्ये मारायचा होता. तसं तू दोनदा म्हणालास. सरांनी आधीच बाटली आणून ठेवली होती. क्लिअरमध्ये मिसळायचं हार्डनर, पुट्टीतलं लाल नव्हे, सुट्टं मिळतं, पाव लिटर, थंड पेयाच्या रिकाम्या बाटलीत भरून. त्यांनी खिशातून माझं पत्रक काढलं.

“भरत, हे बघ. तुमच्याच कागदावर लिहिलंय. सगळं घरी होतं.”

तू माझ्याकडे बघितलंस. आणि मी, दादा, मी हसत ओरडले, “भीती सोडा, गन धरा!” सगळे हसले. तूही हसलास.

सरांच्या तोंडाला ओला रुमाल. माझ्या तोंडाला ओढणी. तू मांडवाच्या कडेच्या बांबूबाहेर, गाडीपासून दहा हात लांब उभा. तुझ्या हातात गनसुद्धा नव्हती. तू फक्त सांगत होतास, हात सरळ, मनगट वळवू नका, थांबू नका. मग वारा फिरला. “वारा उलटा आला,” असं म्हणालास, ते मी ऐकलं. त्यानंतर फोटो.

तू खाली बसलास तेव्हा तुझ्या गळ्यातून शिट्टीसारखा आवाज येत होता. रुग्णवाहिकेला फोन केला, आणि वाट बघवेना. तिथे दोन मोटरसायकली होत्या, पण तुला धड बसता येत नव्हतं. आणि एक चारचाकी होती. तीच. सगळ्या काचा कागदानं झाकलेल्या. समोर वर्तमानपत्र, बाजूला माझी उरलेली पत्रकं, कारण काच झाकायला वर्तमानपत्रं कमी पडली आणि पत्रकांचा गठ्ठा हाताशी होता. सर नखांनी पुढची काच सोलत होते. चिकटपट्टी निघेना, कागद निघे आणि कड राही. किती वेळ गेला? मला माहीत नाही. ते एकच मिनिट मला माहीत नाही.

आणि मग आम्ही काय केलं, ऐक. ज्या वासानं तुझा श्वास कोंडला, त्याच ओल्या वासाच्या गाडीत तुला मागच्या सीटवर घातलं आणि दारं लावून घेतली. मी तुझ्याजवळ बसले होते. तुला हवा हवी होती. खिडकी उघडायला गेले तर बाहेरून कागद चिकटलेला, काच खाली गेली आणि कागद तसाच ताठ उभा. मी तो आतून बुक्की मारून फाडला. फाटला तो नेमका जाड अक्षरांवर. तू माझं मनगट धरलं होतंस, जोरात. डहाणू येईपर्यंत सैल झालं.

दवाखान्यात डॉक्टरीण बाईंनी विचारलं, “काय मारत होते? डबा आणलाय?” मी बाटली वर धरली. मला वाटलं होतं, मी हुशारीनं बाटली उचलून आणलीय. त्यांनी ती फिरवून बघितली. वर थंड पेयाचं नाव.

“हे तर मलाही वाचता येतं,” त्या म्हणाल्या. “आत काय आहे?”

“हार्डनर,” सर म्हणाले. कशाचं बनलेलं, ते बाटलीवर कुठेच नव्हतं.

नंतर त्यांनी मला बाकावर बसवून सांगितलं. ते मी माझ्या शब्दांत लिहिते. या हार्डनरची वाफ काही जणांच्या छातीत बसते. आधी वर्षानुवर्षं काही होत नाही. मग छाती तिला ओळखायला लागते, आणि एकदा ओळख पटली की पुढे एक झुळूक पुरते. ओला रुमाल तिला अडवत नाही. ओढणी अडवत नाही. नाकाला वास कमी आला म्हणजे धोका कमी, असंही नाही. हे सांगून झाल्यावर त्यांनी विचारलं, “तुम्ही पण मारता का रंग?”

मी हो म्हणाले.

बुधवारी मी बाटली घेऊन रंगाच्या दुकानात गेले. आवाज चढवूनच गेले, सवयीनं. म्हटलं, मूळ डबा दाखवा. दुकानदार म्हणाला, “ताई, नवशिका पूर्ण डबा घेऊन काय करेल? सगळे असंच नेतात.” म्हटलं, दाखवा. त्यानं खालच्या फळीवरून डबा काढला, पुसला आणि माझ्यासमोर ठेवला.

दादा, मी तुझी चांदणी बघितली. लाल चौकटीत माणसाची काळी आकृती आहे, डोकं आणि छाती. आणि त्याच्या छातीत पांढरी चांदणी फुटलेली.

डब्यावर ती पहिल्यापासून होती. डबा दुकानात राहतो. चांदणी दुकानात राहते. आमच्या घरी येते ती थंड पेयाची बाटली, आणि तिच्याबरोबर माझा कागद. म्हणजे तिसरी ओळ आता लिहिता येते. अन्याय कोणी केला? लेबल मागे ठेवून सुट्टं विष विकणाऱ्यानं केला. आणि त्या लेबलावरचं एकमेव वाक्य जे मराठीत आमच्या हातात येणार होतं, ते खोडणारीनं केला. दोन नावं आहेत. पहिल्याला मी ओळखते तितकी दुसरीलाही ओळखते.

दुकानदारानं डबा परत खालच्या फळीवर ठेवला. मग हळूच म्हणाला, “भरत आपला दोस्त होता, ताई.” त्यालासुद्धा भीती वाटत होती. तो गल्ल्यामागे उभा राहून रोज तेच ओततो.

सोमवारपासून मी कागद गोळा करतेय. एकशे बारा मिळाले. बाकीचे कुठे आहेत? कोणाच्या पडवीत, कोणाच्या डॅशबोर्डवर, किती मांडवांच्या काचांवर? फोन करते, लोक तुझ्याबद्दल हळहळतात आणि मग विषय बदलतात. तलासरीचा रमण, जो तुझ्याकडे जीपचं बॉनेट ठोकायला शिकून गेला, त्याला काल फोन केला.

“ताई, अर्धी झालीय जीप. अर्धी चकचकीत, अर्धी फिक्की. अशी घेऊन फिरू?”

“फिर.”

“लोक हसतील.”

“हसू दे ने,” मी म्हटलं. तुझं ‘ने’ माझ्या तोंडून निघालं. मग तो म्हणाला, “भरतदादा तर रोज मारायचे. आपण एकदाच मारायचंय.” मी त्याला सगळं सांगितलं, झुळुकेपासून चांदणीपर्यंत. तो म्हणाला, “बघतो.”

‘बघतो’ म्हणजे काय, ते मला कळत नाही. परवा रविवार आहे.

आणि एक तुलाच सांगते, घरी सांगितलेलं नाही. मला संध्याकाळी खोकला येतो. सोमवारी आला, मंगळवारी आला. धूळ असेल. रडून रडून घसा सुकला असेल. मी खोकते आणि मोजते, आणि कान देऊन ऐकते, शिट्टी वाजते का. उद्या सकाळी त्याच डॉक्टरीण बाईंकडे जाणार आहे. गूळ खाऊन गप्प बसणार नाही. तुझ्याशी भांडायची आता एवढीच रीत उरलीय.

वहिनींनी चुंबक मला दिलं. फडक्यासकट. तुझ्या खिशातलं पत्रकही दिलं, त्याच घडीचं. उघडून बघितलं तर शेवटच्या ओळीखाली, जाड अक्षरांच्या खाली उरलेल्या बोटभर जागेत, तू पेन्सिलीनं लिहून ठेवलं होतंस. चांदणीवाला डबा घरी नको. तुझं अक्षर लहान मुलासारखं. कधी लिहिलंस? रविवारच्या आधी खिशातून काढून दाखवलं असतंस तर? मी ऐकलं असतं का? माझ्याकडे बघून तू काय ते ठरवलं असशील.

तुझ्यामुळे मला हातानं बघता येतं, दादा. काम हातातून हिसकावून न घेता माणसाला शिकवता येतं, हे मी तुझ्याच अंगणात बघितलं. आमच्या संघटनेत ते कोणाला जमत नाही. हे तुला कधी म्हटलं नाही. आता म्हटलंय.

चौथी ओळ राहिली. काय मागतो ते. ते तुझ्याकडे मागता येत नाही.

म्हणून तुम्ही, जे हे वाचताय. तुमच्या घरी तीन घड्यांचा तो कागद असेल तर आत्ता उठा आणि तो शोधा. ‘भीती सोडा, गन धरा’वर काट मारा आणि खाली तुमच्या हातानं भरतदादाची ओळ लिहा. घरात थंड पेयाच्या बाटलीत हार्डनर असेल तर झाकण उघडू नका, ओतून टाकू नका; जिथून आणलंत तिथे परत द्या आणि डबा काढायला लावून चांदणी स्वतःच्या डोळ्यांनी बघा. गंज खरवडा, पत्रा ठोका, कागद घासा, ते तुमचं काम आहे, ते तुम्हीच करा. शेवटचा हात बूथमध्ये. रंग मारलेल्या दिवशी संध्याकाळी छाती आवळत असेल तर डॉक्टरला खोकला सांगू नका, रंग सांगा. गाडी अर्धी राहिली असेल तर अर्धीच फिरवा. हसू द्या.

रमण, तूही वाचतोयस, मला माहीत आहे. परवा सकाळी दहा वाजून चाळीस मिनिटांनी मी तुला फोन करणार आहे. उचल, आणि मला सांग की तू घरात बसून चहा पितोयस.